भरीव टायर

त्यांच्या सायकलला कधी पंक्चर होत नसे. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत, पण समोरच्यानं विचारल्याशिवाय सायकलजवळून हलतही नसत. नवा माणूस दिसला की सायकल त्याच्यापुढे आणून उभी करायची, पुढचं चाक अंगठ्यानं दाबायचं आणि गप्प राहायचं. मग तो माणूसही भिडेखातर अंगठा लावी. "हवा लय भरली जी," तो म्हणे, आणि यांचा चेहरा उजळे.

"हवाच नाही त्याच्यात," ते म्हणत. "हवेचं कामच नाही ठेवलं."

नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी मीही अंगठा लावला होता. मार्चचं ऊन, पॅसेंजरमध्ये उभ्यानं आलेलो, डोकं दुखत होतं, आणि ज्या माणसाच्या हाताखाली मला पुढची सालं काढायची होती तो मला सायकलचं चाक दाबायला लावत होता. मला तिथेच कंटाळा आला. तो कंटाळा पुढे माझ्या फार उपयोगी पडला. कंटाळलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी दिसूनही न दिसल्यासारख्या करता येतात.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि या सगळ्यात मीही फारसा चांगला दिसत नाही. तेव्हा दोघंही बिननावाचे राहू.

जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभरावर आमचं कृत्रिम रेतन केंद्र होतं. आज तो भाग वाशिम जिल्ह्यात येतो, तेव्हा अकोल्यात होता. केंद्र म्हणजे दोन खोल्या, अंगणात गाय उभी करायचा लाकडी खोडा, आतल्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक आणि माणसं दोन. ते मुख्य, मी हाताखालचा. जर्सी वळूचं रेत अकोल्याहून गाडीनं यायचं, काचेच्या बोटभर कुप्यांत, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. गाय माजावर आली की गावातून निरोप येई, आणि माज उतरायच्या आत आमच्यापैकी एकानं थर्मास घेऊन तिथे पोचायचं. माज जेमतेम दिवसभराचा. गाय फळली तर उत्तम. नाही फळली तर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची. त्याला लोक 'गाय उलटली' म्हणत. आम्हा दोघांनाही लोक डाक्टर म्हणत, आणि आम्ही दोघंही डॉक्टर नव्हतो.

टायरचं असं होतं. आमचा सगळा मुलूख काट्यांचा. शेताला कुंपण म्हणजे बाभळीच्या तोडलेल्या फांद्या, त्या बैलगाडीतून नेताना निम्म्या वाटेवर सांडायच्या. वर सराटे आहेतच. माझी सायकल महिन्यातून चारदा तरी बसायची. यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, त्यांचा पीळ करून, तो टायरच्या आत ठासून भरला होता. मागच्या चाकाला म्हणे तीन दिवस लागले आणि दोन नखं गेली. सायकल इतकी जड झाली की चढावर ती हातात धरून चालणं सोपं, आणि दगडावरून गेली की हादरा थेट कवटीत. कमरेला ते पंचा आवळून बांधत. तोंड उघडं ठेवून सायकल चालवत. पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना दम्याचा त्रास असावा.

"तोंड बंद ठेवलं तर दात वाजतात," त्यांनी खुलासा केला. "उघडं ठेवा. बिलकुल वाजत नाहीत."

त्यामुळे सायकलवर त्यांच्याशी बोलता येत नसे. बोललेच तर प्रत्येक अक्षर कापत बाहेर यायचं.

सगळ्यांना ते अहो-जाहो करत. मला, स्टेशनवरच्या हमालाला, गाईला सुद्धा. कामाला हात लावण्याआधी मालकाला विचारत, "यायचं नाव काय?" गाईचं नाव कळलं की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "चंद्राबाई, जराशा मागं सरका." गाईला नावच नसेल तर त्यांना अवघडल्यासारखं होई. मग ते स्वतःच एखादं ठेवत आणि मालकाला बजावत की आजपासून याच नावानं हाक मारायची. त्या पट्ट्यात कितीतरी गाईंना सरकारी नाव मिळालं ते असं.

आणि वेळ. बारा वाजता येतो म्हणाले की साडेअकराला गावाच्या शिवेवर हजर. पण गावात शिरत नसत. एखाद्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून मनगटावरचं घड्याळ पाहत राहायचं, आणि बाराला दोन मिनिटं कमी असताना उठायचं. मी एकदा त्यांच्यासोबत असा पाऊण तास बसलो. खाली मुंग्या, वर ऊन. मी म्हणालो, "साहेब, आता आलोच आहोत तर जाऊ की." ते म्हणाले, "लवकर गेलं तरी लोक विसरतात. उशिरा गेलेलं विसरत नाहीत."

पिण्याचं पाणी ते स्वतःचं बाळगत, हात धुवायचा साबण स्वतःचा, आणि कुठल्याही घरी चहा घेत नसत. मी मात्र घ्यायचो, आग्रह झाला तर दोनदा. हे त्यांचं स्वच्छतेचं वेड आहे असं मी समजून चाललो होतो. ते बौद्ध होते. छप्पननंतर त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती, आणि त्या घरातला पगार घेणारा पहिला माणूस ते. मी दोन बैलजोड्या असलेल्या घरातला. मला ज्या ओसरीवर बसायला चटई मिळायची तिथे त्यांच्यासाठी कुणी चटई शोधत नसे, हे मी रोज पाहत होतो, आणि तरी त्यांची पाण्याची बाटली मला वेडच वाटत राहिली. याची आज लाज वाटते.

गावं आम्ही वाटून घेतली होती. किन्हीराजाकडची बाजू त्यांची, स्टेशनपलीकडची माझी. सहा-सात महिन्यांत असं दिसू लागलं की माझ्या बाजूच्या गाई बऱ्यापैकी फळतात आणि त्यांच्या बाजूच्या बऱ्याचशा उलटतात. ते म्हणत, लोक निरोप उशिरा देतात. ते म्हणत, दुष्काळानं गाई खंगल्या आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही माझ्याही बाजूला होत्या. पण मी वाद घातला नाही. कारण लोक मला म्हणू लागले होते, "डाक्टर, तुमच्या हाताले गुण हाय बापा." मला ते पटलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी माणसाला असं काही कुणी सांगितलं तर ते पटतंच. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की कुपी हादरू देऊ नका, थर्मास मांडीवर घेऊन बसा. ते मला पाठ होतं, आणि रोज सकाळी ती दगडी सायकल खडखडत फाटकाबाहेर जाताना मी पाहत होतो. दोन आणि दोन चार करायला मला आठ महिने लागले, कारण चार झाले असते तर माझ्या हाताचा गुण गेला असता.

आता सुभद्राबाईंबद्दल सांगायला हवं.

किन्हीराजाला एका बेताच्या शेतकऱ्याच्या घरची ती सून, पंचविशीची. नवरा रेल्वेच्या गँगवर कामाला, दिवसभर रुळांवर. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लग्नात माहेराहून आंदण म्हणून एक तांबडी कालवड आली होती, तिची आता गाय झाली होती. एकदा गावच्या वळूकडून व्याली, वासरू गेलं. मग आमच्या साहेबांनी जर्सीचं बी द्यायचं ठरवलं. गाय उलटली. पुन्हा दिलं, पुन्हा उलटली. असं चार वेळा झालं.

चौथ्या वेळी मी काही कामानं त्यांच्याबरोबर गेलो होतो. सासू दारात बसून तूर पाखडत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, सुपाकडे पाहूनच बोलली, "एकाच घरून आल्या दोघी. एकीची काय आशा करावं अन् दुसरीची काय." सुभद्राबाई गाईचं दावं धरून उभी होती. तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. वाटेला लागल्यावर भेटलेला गावचा एक गाडीवान म्हणाला की सासूनं दुसऱ्या सुनेची भाषा काढली आहे, आणि दीर म्हणतो की यंदा उलटली तर गाय बाजारात भाकड म्हणून विकून टाकायची. गाय गेली की पुढची पाळी कुणाची, ते त्या घरात सगळ्यांना कळत होतं. यांनी ते ऐकून घेतलं आणि परतीच्या वाटेवर, कापत्या आवाजात, फक्त एवढंच म्हणाले, "आपुन वेळेवर गेलो होतो."

मग एका दुपारी मला काही काम नव्हतं. त्यांच्या फेरीतून परत आलेल्या थर्मासमध्ये एक कुपी उरली होती. अशी उरलेली कुपी आम्ही ओतून देत असू. मी सहज एक थेंब कोमट काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काही हलत नव्हतं. माझ्या थर्मासमधली उरलेली कुपी काढून तिचाही थेंब पाहिला. तिथे जत्रा भरली होती. त्यांची कुपी उजेडात धरली तेव्हा दिसलं की बूच अर्धवट वर आलं आहे. एवढ्या हादऱ्यांनी बूच सैल व्हायचं, बर्फाचं पाणी आत झिरपायचं, आणि या बियाला पाण्याचा थेंबही मारतो.

मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते जेवून उठल्यावर सांगितलं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि रागही केला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरलेल्या एकाच डब्यातल्या दोन कुप्या घेतल्या. एक माझ्या हातात दिली, थर्मासमध्ये घालून सावकाश चालत केंद्रावर घेऊन जा म्हणाले. दुसरी स्वतःच्या सायकलला लावून किन्हीराजापर्यंत जाऊन आले. मग हात कोपरापर्यंत धुतले, खुर्ची ओढली आणि माझ्या कुपीचा थेंब आधी पाहिला.

"पोहून राह्यले," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

मग स्वतःच्या कुपीचा पाहिला. बराच वेळ डोळा काढला नाही. काच सरकवून सगळे कोपरे पाहिले.

"हे निजले का?"

"नाही, साहेब."

ते खुर्चीतच मागे टेकले. बाहेर कुणाची तरी म्हैस खोड्याला अंग घासत होती, तो आवाज येत राहिला. "म्हंजे चार सालं मी वेळेवर गेलो," ते म्हणाले, "अन् मेलेलं बी देऊन आलो."

माणूस लगेच टायर बदलेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पुढचे पंधरा दिवस त्यांनी टायर सोडून सगळं बदलून पाहिलं. बुचांवर मेण ओतलं. थर्मास गोधडीत गुंडाळला. गळ्यात झोळी करून तिच्यात ठेवला, तर तो सारा वेळ छातीवर आपटत राहिला. रोज संध्याकाळी फेरीवरून आले की खुर्ची ओढायची, डोळा लावायचा. काही कुप्या वाचत, काही नाही. मी रोज शेजारी उभा राहून थकत होतो. त्यांच्याकडे पाहून कुणीही थकलं असतं. त्या पंधरा दिवसांत त्यांनी गाईंना एकही कुपी दिली नाही, त्यांची गावं मलाच फिरावी लागली.

"साहेब, दोन ट्यूब घ्या आणि सोडा ना विषय," मी एकदा म्हणालो.

"हवेवर बसून जाऊ म्हंता?"

"सगळं जग जातं."

"जगाले उशीर झाला तर चालते." ते कॅरिअरच्या पट्ट्या कसल्यासारखं करत बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "हवा काल होती, आज नाही. कोठी गेली हे सांगत बी नाही. तुमी रस्त्यात उभे, अन् तिकडं लोक गाय धरून उन्हात उभे. ह्याच्यावर काय आहे तुमच्यापाशी?"

"पोचून उपयोग काय, साहेब, आत मेलेलं असेल तर?"

ते पट्ट्या कसत राहिले. मलाच बोललो ते लागलं.

पुढच्या सोमवारी सकाळी किन्हीराजाहून निरोप आला. सुभद्राबाईची गाय माजावर आहे, आणि दिरानं सांगितलंय की हे शेवटचं. त्यांनी उत्तर पाठवलं, बारा वाजता येतो. मी माझा थर्मास उचलला. म्हणालो, "मी जातो, माझी सायकल हवेची आहे."

"तुमी गेले तर गाय फळन," ते म्हणाले. "मंग लोक म्हंतीन, नव्या डाक्टरच्या हाताले गुण. पन मंग खोट कोनाची होती, हे त्या बाईले कोन सांगन?"

माझ्या हाताच्या गुणाबद्दल त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं तर. मी थर्मास खाली ठेवला.

ते सायकल हातात धरून स्टेशनाजवळच्या सायकल दुकानात गेले. दुकानदारानं टायर उसवला आणि आतून ती काळी पिळाची दोरी ओढून काढायला लागला. ती संपता संपेना. ते तिथे उभे राहून पाहत होते, आणि मधूनच म्हणत होते, "सावकाश." नव्या ट्यूब घातल्या, हवा भरली. सायकल उचलून पाहिली तर एका हातानं उचलली गेली. मला वाटतं त्याचं त्यांना वाईट वाटलं. जुना पीळ त्यांनी दुकानातच सोडला.

थर्मास मांडीवर घेऊन कुणीतरी मागे बसायचं, असं ठरलं होतं, म्हणून एकच सायकल. मी कॅरिअरवर, थर्मास पोटाशी धरलेला, ते चालवायला. पहिला कोसभर ते तोंड उघडं ठेवूनच चालवत होते. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. तोंड मिटलं. "वाजत नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला नाही. मी त्यांना सायकलवर धड बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

किन्हीराजा चार मैल राहिलं असताना पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटभर लांब, थेट आत. पंक्चरचं सामान त्यांच्याजवळ नव्हतं, कारण दहा वर्षांत त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. मी माझं घेतलं नव्हतं, कारण सायकल त्यांची होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

त्यांनी काटा उपटला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, आणि आम्ही चालायला लागलो. रस्ता चढाचा. बर्फ हलू नये म्हणून मी बेतानंच पावलं टाकत होतो, आणि त्या बेतानं चालण्यानं उशीर वाढत होता. ऊन डोक्यावर आलं होतं. मी म्हणालो, माज काही लगेच उतरत नाही, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. ते म्हणाले, गाईचा नाही, माणसाचा वेळ म्हणतो मी. मग रिमच्या आवाजातच त्यांनी सांगितलं ते असं.

नोकरीचं पहिलं साल. तेव्हा ते धनज गावाकडे होते, गुरांना लस टोचायचं काम. गावानं सकाळी नऊला सगळी गुरं पाराजवळ आणून उभी केली होती. यांची सायकल वाटेत बसली. दोन्ही चाकं. पोचले तर अकरा वाजून गेलेले. गुरं उन्हात तहानलेली, लोक वैतागलेले. यांनी माफी मागितली. तिथला एक मोठा जमीनवाला पारावर बसला होता, तो लोकांकडे पाहून म्हणाला, "यायले नोकऱ्या देल्या सरकारनं. घड्याळ द्यायचं राह्यलं."

"लोक हासले," ते म्हणाले. "लय नाही हासले. जरासेच."

पुढच्या पगारात घड्याळ घेतलं आणि त्याच महिन्यात टायर भरले. लस टोचायला हादऱ्यांनी काही बिघडत नव्हतं. मग रेतन केंद्रावर बदली झाली आणि टायर तेच राहिले. एवढंच. दहा वर्षं ते कमरेला पंचा बांधून, तोंड उघडं टाकून, शिवेवरच्या मुंग्यांत बसून राहिले ते एका माणसाच्या एका वाक्यासाठी. मी त्यांच्या वेडाला किती हसलो होतो, केंद्रावर आणि घरी सुट्टीला गेल्यावर सुद्धा, ते सगळं मला त्या चढावर आठवलं.

गाईचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. उत्कंठा ताणून धरायची माझ्यात आता ताकद नाही. गाय त्या वेळी फळली. कालवड झाली, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखी. पण त्या दुपारी आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि त्या दुपारी जे घडलं ते गाय उलटली असती तरी तसंच घडलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजत होता. गावाच्या मधोमध लिंबाचा पार, त्यावर सात-आठ जण, त्यात सुभद्राबाईचा दीर. तिचं घर पाराच्या समोरच. सासू दारात, हातात सूप. सुभद्राबाई अंगणात गाईजवळ उभी. बारापासून उभी असावी, कारण गाईच्या पायाखालची माती खुरांनी उकरलेली होती.

"आले का आता," दीर पारावरून म्हणाला, "जेवनं झाल्यावर?"

यांनी ऐकलं. मानेवर ओघळणारा घाम मला मागून दिसत होता. सायकल भिंतीला लावली, सरळ सुभद्राबाईकडे गेले आणि दोन हात अंतरावर उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, अगदी हळू, "तुमच्या गाईत खोट नाही. माझ्या सायकलीत होती. चारी वेळा तुमाले मेलेलं बी देऊन गेलो मी. मले मालूम नव्हतं. आता टायर बदलले."

सुभद्राबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग सायकलकडे, बसलेल्या चाकाकडे. तिचा हात गाईच्या मानेखाली होता, तो तिथेच राहिला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"हे मले काहून सांगता?" ती म्हणाली. "माह्या गाईत खोट नाही, हे मले मालूमच होतं." तिनं पाराकडे मान केली. "तिकडं सांगा. अन् मोठ्यानं सांगा."

ते जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, नका जाऊ. खरंच म्हणत होतो. टायर बदलले, गाय आता फळेल, लोक विसरून जातील, कशाला हवं. मी थकलो होतो, मला पाणी हवं होतं, आणि त्या पारावरचे चेहरे मला दिसत होते.

ते गेले. पारावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले, हात बाजूला, तपासणीच्या वेळी आम्ही उभे राहायचो तसे. त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि हुद्दा सांगितला. मग म्हणाले, "या घरची गाय चार डाव उलटली. गाईत काही खोट नाही. माझ्या सायकलचे टायर भरीव होते, त्याच्या हादऱ्यानं औषध मरून जात होतं. अजून ज्यायच्या ज्यायच्या गाई उलटल्या, त्यायच्या गाईत बी खोट नव्हती. चूक माझी होती. दुसऱ्या कोनाची नाही." ते थांबले. "कोनाचीच नाही," असं पुन्हा एकदा, दाराकडे पाहून म्हणाले.

सासूचं सूप थांबलं होतं. एका म्हाताऱ्यानं तोंडातला तंबाखू बाजूला थुंकला आणि म्हणाला, "मी मागल्या साली विकली ना गाय. भाकड म्हून." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतंच आश्चर्य होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

मग दीर उठून उभा राहिला. "मंग सरकारनं असे मानसं ठेवले कायले?" तो म्हणाला. "अशायले नोकऱ्या देल्या, अन् आमचे जनावरं गेले."

दोघं-तिघं हसले. फार नाही, जरासेच.

ज्या वाक्यापासून ते दहा वर्षं सायकलवर पळत होते ते वाक्य त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं, आणि या वेळी त्यात काही अंशी खरं होतं. मी पुढे व्हायला हवं होतं. आठ महिने मलाही दिसत होतं, असं म्हणायला हवं होतं. मी थर्मास धरून उभा राहिलो. थर्मास खाली ठेवता येत नव्हता, ही सबब मला पुरली.

"बरोबर आहे तुमचं," ते दिराला म्हणाले. आवाज साधा होता. "जनावरं गेले. ते मी परत आनू शकत नाही." आणि ते तिथेच उभे राहिले. आणखी कुणाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्यावं, म्हणून थांबल्यासारखे. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. दीर थोडा वेळ उभा राहिला आणि मग खाली बसला.

सुभद्राबाई गाईचं दावं हातात धरून अंगणाच्या कडेपर्यंत आली होती. सासू दारातून तिच्याकडे पाहत होती, ती सासूकडे पाहत नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"झालं ना सांगून, डाक्टर? मंग चला आता. माज उतरून जाईन."